आबाजींचे डोळे

शिरपूरच्या एका जैन शेठजींचा उघड्या डोळ्यांचा एकही फोटो नव्हता, आणि त्याचं खापर कायम आमच्या घरावर फुटायचं. त्यांच्याकडच्या सगळ्या लग्नांचे फोटो माझ्या बाबांनी काढले. मुलाच्या, मुलींच्या, पुतण्यांच्याही. प्रत्येक अल्बममध्ये बाकीचे झकास आणि शेठजी मधोमध डोळे गच्च मिटून, जसे जपाला बसलेत. बाबा "रेडी" म्हणायचे आणि फ्लॅशच्या धास्तीनं ह्यांचे डोळे आधीच मिटायचे. रोलचा जमाना, फोटो धुऊन येईपर्यंत मांडव उठलेला असायचा.

स्टुडिओ आमचा रिसोडला. बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून तो मीच चालवते. नातीच्या रिसेप्शनचं सांगायला शेठजी, म्हणजे गावभराचे आबाजी, स्वतः आले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पोरी, मले भिंतीवर लागाचा फोटो पायजे. डोये मिटलेल्या फोटोले हार घातला, तं लोक म्हंतीन मेल्यावर काढला. घरातलं हे शेवटचं लगन हाये. आता नाही तं मंग नाहीच."

बोलले हसतच. बाबा आतल्या खोलीत सगळं ऐकत होते. आबाजी गेल्यावर बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "फ्लॅश नोको मारू त्याइले." मी म्हटलं, मला कळतं. मला असं पटकन तोंडावर बोलायची खोड आहे, आणि ती बाबांकडूनच आली आहे.

त्यांच्याकडे जेवणं सूर्यास्ताच्या आत, त्यामुळे रिसेप्शन दुपारचंच. मला ते बरंच होतं. पण आदल्या दिवशी जागा बघायला गेले तर मांडवाचं छत गुलाबी. अशा कापडाखाली नवरी गुलाबी, नवरा गुलाबी, ताटातला भातसुद्धा गुलाबी येतो. मांडववाल्याशी चांगली खडाजंगी झाली, तेव्हा कुठे स्टेजवर पांढरं कापड चढलं. नवरा-नवरीसाठी दोन बाजूंना दोन मोठे लाईट ठरवले, जास्तीचे सेल घेतले, वायरी लोकांच्या पायात येणार नाहीत अशा फिरवल्या. हे सगळं रोजचंच. आबाजींचं काय करायचं, ते सुचत नव्हतं.

मग आमची जुनी खिडकी आठवली. लहानपणी रिसोडला लाईट गेली की बाबा स्टुडिओच्या मावळतीकडच्या खिडकीला पांढरी चादर बांधायचे. उन्हाचा सगळा कडकपणा त्या चादरीत राहायचा आणि खोलीत दुधासारखा उजेड यायचा. बाबा मला स्टुलावर बसवून आधी अंदाज घ्यायचे, माझी हनुवटी दोन बोटांनी उचलायचे. त्या बोटांना फोटो धुण्याच्या औषधांचा वास असायचा. किती वर्षांत तो वास आला नाही. आणि गंमत म्हणजे फोटोचा धंदा असून आमच्या घरात आम्हा सगळ्यांचे फोटो आहेत, ते दोन बोटांवाले बाबा मात्र कशातच नाहीत.

मांडवाच्या पश्चिमेची कनात सोडवायची, तिथे चादर बांधायची आणि आत आबाजींची खुर्ची ठेवायची, असं ठरलं. आईनं चादर देताना कुरकुर केली, "पाहुण्याची चादर हाये ते." बाबा म्हणाले, "मी येतो. हवेनं फडफडन, कोनी तरी खालून धरा लागन."

रिसेप्शनच्या दिवशी ऊन अगदी मनासारखं पडलं. मोबाईलवाल्या पाहुण्यांना मी दम देऊन लांब उभं केलं. आबाजी खुर्चीत बसले, चेहऱ्यावर उजेड असा की सुरकुती न् सुरकुती शांत दिसावी. "रेडी" म्हणायचं नाही, हे मी पक्कं ठरवलेलं. नुसता कॅमेरा डोळ्याला लावला, आणि आबाजींनी डोळे मिटले. पुन्हा लावला, पुन्हा मिटले. ऊन खाली चाललं होतं. माझ्या कपाळावर घाम आला.

चादरीचं टोक धरून उभे असलेले बाबाच शेवटी चिडले. "शेठ, साऱ्या तालुक्याचे डोये म्या उघडे आनले. तुमीच कायले मिटता?"

आबाजी गर्रकन त्यांच्याकडे वळले. "तुले काढता येत नोयता, अन् मलेच बोलून राह्यला!"

डोळे टक्क उघडे, ओठांवर भांडण आणि भांडणाच्या खाली हसू. मी बटण दाबलं. आबाजींनी स्क्रीनवर स्वतःचे उघडे डोळे पाहिले. मग त्यांनी बाबांचा हात धरून त्यांना शेजारी ओढलं, खांद्यावर हात टाकला. "याले बी घे." बाबा नको नको म्हणत राहिले. मी घेतला. नेमका तेव्हाच कुण्या पाहुण्याच्या मोबाईलचा फ्लॅश चमकला आणि आबाजींचे डोळे मिटले. मला हसू आलं, तो फोटो मी तसाच सोडून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर आधार कार्डाशिवाय घरात काही नाही. मग तो सोडून दिलेला फोटो काढला. त्यातून आबाजींना कापलं आणि बाबांना मोठं केलं. लाजून हसणारे, चादरीच्या उजेडातले बाबा.

आबाजी भेटायला आले. काठी टेकून फोटोसमोर उभे राहिले.

"माहा फोटो कपाटात तयार हाये," ते म्हणाले, "अन् हा सोताच लागला." मग नीट निरखून विचारलं, "याच्या खांद्यावर हात कोनाचा?"

"तुमचाच. तो कापला असता तर बाबांचा खांदा गेला असता, आबाजी."

त्यांनी डोळे मिटले. "राहू दे मंग," म्हणाले.