सूर्य बुडायच्या आत चाळीस पोळ्या

माझी साखर वाढली ती आमच्या समोरच्या त्रिशलाकाकूंमुळे, हे मी पलूसच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं आहे. त्यांना ते पटलं नाही. सणाच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता त्यांनी एकदा आमच्या गल्लीत उभं राहून बघावं.

काकू जैन. दोन नेम त्या लग्नाच्या आधीपासून पाळतात. सूर्य मावळल्यावर तोंडात अन्न घालायचं नाही आणि आदल्या दिवशीचं काही खायचं नाही, घरात ठेवायचंसुद्धा नाही. अंधार पडायच्या आत भांडी रिकामी. नेम चांगलाच आहे. अडचण एवढीच, की काकूंना थोडका स्वयंपाक करता येत नाही. भरतेशकाका गेले, मुलगा गोमटेश नोकरीसाठी पुण्याला गेला, घरात काकू एकट्या उरल्या, पण पुरणाची डाळ मोजायचं माप काही लहान झालं नाही. सण म्हटला की चाळीस पोळ्या. विचारलं तर म्हणतात, "हात बसलाय सर, त्याला काय करू?"

मग सहाच्या सुमाराला काकू डबे घेऊन गल्लीत उतरतात. "सर, दोनच हायत. माझ्यादेखत खावा. दिस बुडाय लागलाय." जणू सूर्याला माझ्याच पोटात जागा हवी आहे. एकदा मी दार उघडलंच नाही, तर पोळी खिडकीतून आली.

सगळ्यात मोठा डबा काकूंच्या शेजारच्या बनाबाईचा. बनाबाई जतकडची, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातली. पस्तीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इथे आली आणि इथलीच झाली. तिचं मत काकूंच्या बरोबर उलटं. पोळी सणादिवशी नुसती करायची, खायची दुसऱ्या दिवशी. डाळीच्या पाण्याची जी आमटी होते, आमच्याकडे तिला येळवणीची म्हणतात, ती रात्रभर मुरू द्यायची, सकाळी चुलीवर आटवायची, शिळी पोळी तुपावर कडक भाजायची आणि आमटीत चुरायची. हे ऐकलं की काकू तोंड वाकडं करतात. पस्तीस वर्षं दोघींचा हा वाद चालू आहे आणि एवढ्या वर्षांत डबा मात्र एकदाही चुकलेला नाही.

यंदा अक्षय तृतीयेला काकूंची नात ब्राह्मी येणार होती. वय नऊ. पहिल्यांदाच आई-बापाशिवाय आजीकडे अख्खा मे महिना राहायचं ठरत होतं. ठरत होतं म्हणतो, कारण गोमटेशने अट घातली होती. पोरगी खायला महाकठीण, गेल्या दिवाळीत इथे दोन दिवस नुसत्या बिस्किटांवर राहिलेली. तेव्हा त्याने सांगितलं, "आई, मी एक रात्र राहतो. दुसऱ्या दिवशी दुपारी नीट जेवली तर ठेवतो, नाहीतर परत नेतो." काकूंनी आठ दिवस गल्लीत दुसरा विषय काढला नाही. "महिनाभर घरात पोरगी असंल, सर," असं दिवसातून चारदा म्हणायच्या आणि मला चेष्टा सुचायची नाही.

अक्षय तृतीयेला त्यांनी सकाळी मंदिरात उसाचा रस वाटला, घरी येऊन चाळीस पोळ्या लाटल्या आणि दारात उभ्या राहिल्या. दुपार गेली. साडेसहाला गोमटेशचा फोन आला, की रस्त्याचं काम चालू आहे, आम्ही अजून कराडातच आहोत.

दुसरं कुणी असतं तर चार पोळ्या झाकून ठेवल्या असत्या. मीही तेच सुचवलं. लहान पोरीला कुठे नेम असतो?

"पोरीला न्हाई सर, पण घराला हाय," काकू म्हणाल्या आणि पोळ्यांचा डबा, आमटीचं पातेलं, सगळं उचलून बनाबाईच्या ओट्यावर ठेवून आल्या. पावणेआठला गाडी आली. पोरगी कराडला वडापाव खाऊन गाडीतच झोपलेली.

काकू पहाटे चारला उठल्या आणि पुन्हा डाळ शिजत घातली. इकडे ब्राह्मी जागी झाली ती बनाबाईची करडं बघायला थेट शेजारी. नऊ वाजता ती परत आली तेव्हा गोमटेश अजून झोपलेला होता आणि मी काकूंच्या पायरीवर पेपर वाचत होतो. पोरीच्या ओठांवर आमटीच्या मिशा.

"आजी, बनाआजी कसली भारी पोळी करते! मी तीन खाल्ल्या."

"तिच्या न्हाईत त्या!" काकू जवळजवळ ओरडल्याच. "माझ्या हायत!"

"नाही गं, तिच्या तव्यावर होत्या."

स्वतःच्याच पोळीचा मत्सर करणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

दुपारी ताट वाढलं, तेव्हाही मी पेपर घेऊन तिथेच होतो. ताजी पोळी, आमरस, कुरडई, आमटी. ब्राह्मीने दोन घास खाल्ले. "आमटी सकाळच्यासारखी नाही," ती म्हणाली. गोमटेशने घड्याळ बघितलं. तेव्हा काकूंनी जे केलं ते मला सांगून खरं वाटलं नसतं. त्यांनी बनाबाईला हाक मारून स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच विचारलं, "काय घालतीस गं आमटीत?"

"काय बी न्हाई, काकू. नुस्ती एक रात जाऊ द्येती."

आता दुपारी एक वाजता रात्र कुठून आणायची? काकूंनी तीच आमटी तीनदा उकळली, तीनदा निववली. पोरीने वास घेतला आणि वाटी सरकवली.

गोमटेश बॅग भरायला लागला. "आई, वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी बघू." पोरगी सकाळीच तीन पोळ्या खाऊन बसली आहे, एवढं सांगितलं तरी काम झालं असतं. पण आपल्या घरातल्या मुलीने शिळं खाल्लं हे काकूंच्या तोंडून निघेना. मी बोलायला गेलो तर माझ्याकडे असं बघितलं, की मी पेपर तोंडासमोर धरला.

बनाबाईला मात्र राहवलं नाही. "आरं गोमटेश, पोरगी सकाळी तीन पोळ्या खाऊन आलीया माझ्याकडनं. आन तू काय तिला न्हेतोस? तू सवता साळंला जाताना माझ्या चुलीपाशी बसून चार-चार हाणायचास, इसरलास व्हय?"

बेचाळीस वर्षांचा गोमटेश कानापर्यंत लाल झाला.

"कवापास्नं?" काकूंनी विचारलं.

"तिसरीत होतो तेव्हापासून."

"आन मग घरी जेवायचा न्हाईस त्ये?"

"पोट भरलेलं असायचं, आई."

काकू मटकन पाटावर बसल्या. "पोराला सणाचं पचत न्हाई म्हणून मी तुला ओव्याचं पाणी पाजलं रं! दर सणाला!" मग बनाबाईकडे वळल्या. "आन तू इतकी वर्सं बोलली न्हाईस?"

"नेम तुमचा हाय, काकू. त्यो तुमी पाळला. त्यानं खाल्लं त्ये माझ्या घरात."

आता दोघींचं कायमचं फाटतंय असं मला वाटलं. काकू उठल्या, गोमटेशच्या हातातली बॅग घेतली आणि पोरीचे कपडे एकेक करून कपाटात लावले. शेवटचा फ्रॉक ठेवताना म्हणाल्या, "जा तू. उशीर करू नगंस."

त्या दिवशी गल्लीत कुणालाच डबा आला नाही. चार वाजता काकू उरलेल्या सगळ्या पोळ्या आणि आमटी घेऊन बनाबाईकडे गेल्या आणि बजावलं, "ह्यातलं आज कुणी खायचं न्हाई. उद्या सकाळीच."

सकाळी मंदिरातून आल्यावर त्या बनाबाईच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मीही गेलो, अर्थात पेपर घेऊन. ब्राह्मी कडक पोळी चुरून आमटीत कालवत होती. काकूंनी कशालाही हात लावला नाही. नुसत्या वाकून बघत होत्या.

"कशी झालीया?"

"भारी."

तेवढ्याने त्यांचं भागेना. "भारी म्हंजे कशी? मीठ बरं हाय का? आंबूस लागतीया का जरा? नीट सांग."

पन्नास वर्षं ही बाई आमटी करत आली. दुसऱ्या दिवशी ती कशी लागते हे तिला माहीत नव्हतं आणि कधी माहीत होणारही नव्हतं. माझे डोळे भरून आले, मी पान उलटलं.

ब्राह्मीने एक घास तोंडात धरून विचार केला. "आधी तिखट लागते. मग गोड. मग वेलदोडा येतो, पण खूप उशिरा."

काकूंनी डोळे मिटले आणि घास गिळल्यासारखं केलं.

"आन पोळीची कड?" त्यांनी विचारलं.