प्लास्टिकला पाणी पाजणारे निकमकाका

११ फेब्रुवारी, रविवार. निकमकाकांचा दहावा, गोदाकाठी. हजर: काकू, दोन्ही मुलं, भट्टीवरचे तिघे, मोल्डिंगमधले दोघे. ऑफिसातून मी एकटी. सवयीने डायरीत नोंद केली.

आमचा अंबडचा कारखाना मोटारींचे सुटे भाग बनवतो. काका अॅल्युमिनियमच्या भट्टीचे मुकादम, मी तपासणी विभागात. नव्वदच्या दशकात क्लचचं पेडल भट्टीतल्या अॅल्युमिनियमऐवजी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचं करायचं ठरलं. वजनाला हलकं, करायला स्वस्त. नमुना पास झाला की भट्टी बंद होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तीन महिने माझ्या टेबलावर घाव घालून तपासताना नमुने तडकत राहिले. भट्टीवरचे येता-जाता विचारायचे, आज किती प्लास्टिकच्या बरण्या फोडल्या मॅडम? काका हसायचे नाहीत.

एका सोमवारी ते ओझरकडच्या आपल्या मळ्यातून एक पेडल घेऊन आले. माझ्याच रद्द मालातलं. त्यांनी ते कोथिंबिरीच्या वाफ्यापाशी, पाटाच्या पाण्यात खुंटी म्हणून ठोकलं होतं. काढताना कुदळीचे घाव बसले, तरी फुटलं नव्हतं.

"तुमचं प्लास्टिक तहानलेलं हाय, ताई. साच्यातून निघतं ते लय कोरडं. पाणी पाजा, मग मारा."

नायलॉन ओलावा पिऊन चिवट होतं, हे मी पुस्तकात वाचलेलं. आणि आम्ही मात्र डाग पडू नयेत म्हणून गरम माल तसाच पिशवीत बंद करत होतो... मी विचारलं, काका, तुमच्या भट्टीचं काय?

"ते काय मला कळत नाय? पण डोळ्यांनी पाहिलंय ना मी."

गरम पाण्यात मुरवलेले नमुने पास झाले. वर्षभरात भट्टी थंड झाली. भट्टीवरचे तिघे प्लास्टिकच्या मोल्डिंगला गेले, काका पॅकिंगला, निवृत्तीपर्यंत तिथेच. पाण्यात मुरवण्याची कार्यपद्धती मी लिहिली, खाली माझं नाव आलं, पुढे बढतीही. काकांनी तो कागद भिंतीवर वाचला आणि इतकंच म्हणाले, "ताई, अक्षर चांगलं हाय तुमचं."

त्या कागदात दुरुस्ती करायची तर फॉर्म भरायचा, तीन साहेबांच्या सह्या घ्यायच्या. अर्ध्या दिवसाचं काम. 'कार्यपद्धतीवर निकमकाकांचं नाव' ही ओळ मी दर जानेवारीत नव्या डायरीत, राहिलेल्या कामांत, उतरवत आले. यंदाही उतरवली. त्यांना दाखवायची वेळ गेली. कागद अजून त्याच भिंतीवर आहे, माझ्या एकटीच्या नावाचा.