सूट बेतण्याआधी

धाकट्या भावाची कंबर साडेअठ्ठावीस भरली, तेव्हा मास्तरांनी दोष टेपला दिला. जुना टेप ताणून लांबतो आणि माप कमी दाखवतो, हे शिवणकामातल्या कुणालाही ठाऊक. चार महिन्यांपूर्वी हीच कंबर बत्तीस होती. "मेला टेप!" म्हणत त्यांनी तो फेकून दिला आणि समोरच्या दुकानातून नवा आणला.

नव्यानंही साडेअठ्ठावीसच दाखवली.

"शर्ट काढ."

"कशाला, दादा? लग्नाचा सूट शिवायचाय, तपासणी नाही करायची."

शर्ट निघाला. एका बाजूच्या बरगड्यांवर नागिणीचे डाग, मानेला गाठी, जिभेवर पांढरा थर. रोजचा बारीक ताप आणि महिनाभराचे जुलाब मास्तरांनी 'लग्नाची धास्ती' म्हणून थट्टेवारी नेले होते. आता त्यांना स्वतःचीच चीड आली. अशाच खुणा अंगावर घेऊन त्यांचा एक कारागीर गेला होता. त्याला वेळेवर कुणी विचारलंच नव्हतं.

"उद्या रक्त तपासायला जायचं."

"लग्न होऊ दे, मग बघू." धाकटा नजर चुकवत होता.

मास्तरांनी कात्री बाजूला ठेवली. "मग मी कापड बेतत नाही. त्या पोरीच्या जिवाशी खेळ नको."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लगेच शिक्का मारला नाही. "टीबीनंही असं होतं, डायबेटिसनंही. रक्त काय सांगतं ते बघू." खात्रीसाठी त्याच रक्ताच्या तीन वेगवेगळ्या चाचण्या झाल्या. तिन्हींचं उत्तर एकच आलं, एचआयव्ही. त्या शांतपणे सांगत राहिल्या, "निरोधाशिवायचा संबंध, वापरलेली सुई, दूषित रक्त, आईकडून बाळाला, एवढ्याच वाटांनी हा येतो. एका ताटात जेवल्यानं नाही. गोळ्या रोज घ्या, एकही चुकवू नका. खूप जगाल."

बाहेर बाकावर धाकटा पुटपुटला, "दोन वर्षांपूर्वी, बाहेरगावी कामाला होतो तेव्हा... मला संशय होता, दादा. धीरच झाला नाही. तिला तू सांग ना."

'सांगतो' मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. लहानपणापासून याच्या सगळ्या भानगडी त्यांनीच निस्तरल्या होत्या.

"तुलाच सांगावं लागेल," ते म्हणाले. "मी इथून हलत नाही."

धाकट्यानं फोन लावला. "शंभर वर्षं आयुष्य आहे तुला, आत्ताच नाव काढलं होतं!" पलीकडून ती हसली. मास्तरांनी त्याचा कढत हात घट्ट धरला.

"ऐक, मला एचआयव्ही आहे. लग्नाचं तू नंतर ठरव. आधी... तूही रक्त तपासून घे."

लग्नाआधीच दोघांची गोष्ट इतकी पुढे गेलीय, हे मास्तरांना माहीत नव्हतं. तरी त्यांनी हात सोडला नाही.