भर दुपारी केलेली रात्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही हसाल, कारण माझ्या पोटात न सांगितलेलं काही शिल्लक असतं का? तानसाच्या तलावात मी एकदा मगर पाहिली. ती दर वर्षी हातभर वाढते, हे आमच्या किन्हवलीकडे सगळ्यांना ठाऊक आहे. परवा तिच्या पाठीवर पिंपळ उगवला. लोक चहा पाजून ऐकतात आणि उठताना म्हणतात, "चल रे थापाड्या, येतो." पण ही गोष्ट — हिला मी बोटभरही वाढवलेलं नाही. कमी करता येते का, तेवढं मात्र फार दिवस पाहिलं.

माझा कॅमेरा जुना, तिसऱ्या हाताचा. तिवई नव्हती, म्हणून तांदळाच्या कणीची पिशवी. तिच्यावर कॅमेरा असा बसतो की भूकंपात हलणार नाही. उजेड परतवायला टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल. आणि ट्रॉली? गॅसच्या सिलिंडरखाली चाकांची गोल चकती असते ना — ती! तिच्यावर मी हत्तीसुद्धा सरकवून दाखवला असता.

राहिली रात्र. रात्रीचं शूटिंग म्हणजे दिवे आले, जनरेटर आला, खर्च आला. आम्ही रात्र दुपारीच करायचो. फ्रेममध्ये आकाश घ्यायचं नाही. एक्सपोजर खाली ओढायचं. व्हाइट बॅलन्स पिवळ्या बल्बवर लावायचा, म्हणजे ऊन निळं पडतं. झालं चांदणं. आजही मी शहापूरला, मुरबाडला पोरांना हे शिकवतो आणि पोरं टाळ्या वाजवतात. मी टाळ्या संपायची वाट बघत उभा असतो.

चकती सरकायला जमीन गुळगुळीत हवी. तशी जमीन गावात एकच — भागीकाकीचं खळं. काकी एकटी, गावाच्या टोकाला, मोहाच्या झाडाजवळ. खळं असं सारवायची की कणी सांडली तरी वेचून घ्यावी. गावातली बाळं न्हाऊ घालायचं काम तिचं. मलाही तिनेच न्हाऊ घातलेलं. "तुझं डोकं दुधीभोपळ्यासारं व्हतं, मी चोळून गोल केलं," असं चारचौघांत सांगायची.

त्या दुपारी ती शेतावर गेली होती. कुंपणावर तिचं लुगडं वाळत होतं, पांढुरकं, हिरव्या काठाचं. माझा मावसभाऊ नंदू आसनगावला कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी माझा नट. त्याला मी ते नेसवलं, डोक्यावरून पदर घेतला, चकतीवर उभा केला आणि मासे पकडायच्या तंगुसाने ओढला. पाय न हलवता एक बाई खळ्यावरून सरकत गेली. स्क्रीनवर पाहिलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. मग लुगडं पुन्हा कुंपणावर टाकलं — आणि काकीला विचारायचं राहून गेलं. राहून गेलं? नाही. विचारलंच नाही.

व्हिडिओ टाकताना लिहिलं : "काल रात्री कॅमेऱ्यात सापडलं. खरं आहे." दोन दिवस गंमत करायची आणि मग युक्ती सांगून भाव खायचा, एवढाच बेत. पण नाक्यावर लोकांनी विचारलं, "खरं ना रे?" आणि मी आईची शपथ घेतली. कोणी हसलं नाही. थापाड्या म्हणालं नाही. जन्मात पहिल्यांदा सगळं गाव माझ्यावर विश्वास ठेवत होतं! तुम्हाला कळतंय का, याची केवढी चटक लागते ते?

मग कोणीतरी खळं ओळखलं. कोणीतरी लुगडं.

चित्रात त्या बाईची सावली होती. पायाखाली गोळा झालेली, भर दुपारची सावली. रात्री अशी सावली कुठून येईल? एकानेही पाहिलं नाही. मला मात्र आता दुसरं काही दिसतच नाही.

काकीला बाळं न्हाऊ घालायला कोणी बोलवेना. ती दारावरून गेली की आया बाळ पदराखाली घेत. नंदू म्हणाला, "सांगून टाक रे, मी व्हतो म्हणून. मला लाज नाय." मी म्हटलं, थांब दोन दिवस. तोवर ती स्वतःच आली. भांडायला नाही. उंबऱ्याशी बसली आणि हळूच म्हणाली,

"बाबू, लुगडं माझंच हाय रे. मी रातची उठते का? मला तं काय आठवत नाय."

 समोर बसलेल्या बाईला स्वतःचीच भीती वाटत होती आणि मी जमिनीकडे बघत होतो.

"तुझा क्यामेरा लाव माझ्या घरात. मी कुठं जाते ती बघ. पोरांना हात लावते मी, बाबू. मला कळाया पायजेल."

लावला. खरंच लावला! पॉवर बँक जोडली, दिवा रात्रभर चालू ठेवायला सांगितला, कणीची पिशवी तिच्याच मुसळाशेजारी ठेवली आणि घरी जाऊन झोपलो. सकाळी कॅमेरा आणला, दार लावून सगळं पाहिलं. काकी बाजेवर बसलेली. रात्रभर. डोळे उघडे, नजर सरळ कॅमेऱ्यात. मी पुढे पळवत गेलो — ती तशीच. मधे मधे कूस बदलावी तशी मान तेवढी हलायची. माझ्या दुपारच्या रात्रीपेक्षा ही खरी रात्र कितीतरी भयाण होती. आणि तिच्यात कोणीच कुठे गेलं नव्हतं.

हे गावाला दाखवायचं एवढंच होतं. पण काकी घरातच होती म्हटल्यावर लोक विचारणार — मग व्हिडिओतली ती कोण होती रे?

काकी दारात उभीच होती. मी म्हटलं, "बॅटरी संपली, काकी. मधलं काही आलंच नाही."

तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे मधेच गेले असंन."

त्या रात्रीपासून ती पाय बाजेला दोरीने बांधून झोपायला लागली.

पुढे मुलीने तिला मुरबाडकडे आपल्या सासरी नेलं. मागच्या वर्षी काकी गेली. मी मयताला गेलो होतो. मुलगी म्हणाली, "शेवटपर्यंत दोरी सोडू दिली नाय. नातवाला कधी मांडीवर घेतला नाय. म्हणायची, नको गो, माझा भरोसा नाय." घोट्यावर दोरीचा काळा वण होता. तो मी पाहिला आणि काकीच्या पाया पडलो. लोकांना वाटलं, किती माया!

नंदूने नंतर कधी माझ्या कॅमेऱ्यापुढे काम केलं नाही. व्हिडिओ मी काढून टाकला. तो इतरांच्या फोनमध्ये अजून फिरतो. ती दुसरी रात्र माझ्या कपाटात आहे. तिच्या शेवटी उजाडतं, कोंबडा आरवतो आणि काकी पहिल्यांदा हसते. कॅमेऱ्याकडे वाकून, दाराआड कोणी उभं असावं तशी बोलते —

"बघतोस ना रे बाबू? मी इथंच हाय. नाय गेले कुठं."

मी बघत होतो.