अक्काने दाखवलेलं वावर

नाना, म्हणजे माझे वडील, न कळवता कधी कुणाकडे जात नाहीत. त्यामुळे महिन्यापूर्वी ते धुळ्याला माझ्या शाळेच्या व्हरांड्यात उभे दिसले, तेव्हाच काहीतरी वाईट घडलंय हे कळलं. ‘अक्का गेली,’ ते म्हणाले. आणि मग, ‘तुझा तास संपायला किती वेळ आहे?’ मी वर्ग तसाच सोडला. शिंदखेड्याच्या एसटीत ते गाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, माझी आत्या. सकाळी अंगणात शेंगा फोडत बसली होती, तशीच भिंतीला टेकली म्हणे. सत्तरी ओलांडलेली, कुणाकडून कधी तांब्याभर पाणी मागून न घेतलेली बाई… तिला शोभेसंच गेली.

अक्काची आठवण काढायची तर माझ्या मोडलेल्या लग्नापासून सुरुवात करावी लागते. बहात्तरच्या दुष्काळाआधी चार-पाच वर्षांची गोष्ट. नाना जळगावला कचेरीत कारकून, आम्ही तिथेच मेहरूणला राहायचो. ‘गावाकडे आपलं वावर आहे, विहीर आहे,’ हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते पाहायला मात्र आम्हाला कधी नेलं नाही. मला बोदवडचं स्थळ आलं. घरचा कापूस, चार बैल, मुलगा बी.ए. मुलाचे वडील म्हणाले, मुलगी पसंत आहे, एकदा तुमचं गाव बघू. नाना अडकले, पण नाही म्हणतील तर नाना कसले! बोदवडच्या मंडळींना घेऊन आम्ही सगळे गावी, अक्काकडे गेलो. वावराचे मालक त्या दिवशी बाजाराला जाणार, याची चौकशी नानांनी आधीच करून ठेवली होती, हे मला फार नंतर कळलं.

अक्का पुढे, आम्ही मागे. बोदवडचे भाऊ, म्हणजे मुलाचे वडील, हाडाचे शेतकरी. त्यांनी ढेकूळ हातात घेऊन चुरडलं, बांध पाहिला, विहिरीत डोकावले. ‘पाणी किती पुरुषांवर लागलं?’ त्यांनी नानांना विचारलं. एक माणूस हात वर करून उभा राहील एवढी खोली म्हणजे एक पुरुष, हे मला ठाऊक होतं. नानांना आकडा ठाऊक नव्हता. ते अक्काकडे बघू लागले. ‘अकरा,’ अक्का म्हणाली. ‘सातवर काळा दगड लागना.’ पुढचे सगळे प्रश्न भाऊंनी तिलाच विचारले. तिने बरोबर उत्तरं दिली, पण ‘आमचं’ हा शब्द तिच्या तोंडून एकदाही निघाला नाही. सगळं निभावलं असतं. पण नानांना राहवेना. ‘काळा दगड म्हणजे काय गंमत नाही,’ ते म्हणाले, ‘आमच्या गड्यांनी दोन उन्हाळे खणली.’

अक्का थांबली. पदर खोचला आणि सरळ भाऊंकडे बघून म्हणाली, ‘गड्यास्नी नही, भाऊ. मना बापनी खंदी. मना बाप आठे सालदार व्हता. वावर आमना हातनं शे, नावनं नही.’

मी विशीची झाले होते आणि माझे आजोबा दुसऱ्याच्या शेतात सालाने राबत होते, हे मला त्या क्षणी कळलं. नाना रस्त्याकडे चालू लागले. बोदवडकरांनी चहा घेतला, गोड बोलले आणि आठ दिवसांनी नकाराचं पत्र पाठवलं. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, फारसं वाटलं नाही. फोटोतला मुलगा मला तसाही आवडला नव्हता, भांग फार जपून पाडलेला होता.

वाईट वाटलं ते नानांनी अक्काशी धरलेल्या अबोल्याचं. मी मात्र सुट्टी लागली की अक्काकडे पळायचे. तिच्यामागून कापूस वेचत फिरायचे. तिच्या दोन्ही हातांना दोन वेगळ्या बाया लावल्यासारखे ते चालायचे, आणि माझी ओटी रिकामी बघून ती हसायची. तिथेच तिच्या बोलण्यातून मला आजोबा भेटले. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. ‘आखाजीले गावन्या पोरी झोकावर,’ ती सांगायची, ‘आनि आम्ही बठ्ठा दारमा, बापनी वाट देखत.’ बाप मालकाने दिलेलं नवं धोतर घेऊन परतला की समजायचं, याच गावात राहायचं. असं एकतीस वर्षं.

एकदा मी विचारलं, नानांना विहिरीची खोलीसुद्धा कशी माहीत नाही? ती म्हणाली, ‘त्याले कशी माहीत ऱ्हाई? मीच त्याले वावरमा पाय ठेवू दिधा नही. तो शाळामा, त्याना वाटानं निंदनं मी करं.’

‘मग त्या दिवशी का बोललीस? गप्प राहिली असतीस तर…’

‘माले काय बी म्हन, मी आयकी लेसू. पन त्यानी बापले परका करी टाकं.’

तिसऱ्या वर्षी अक्का स्वतःच मेहरूणला येऊन धडकली, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ घेऊन. भाकरी थापून नानांपुढे ताट ठेवलं. नानांनी तीन भाकरी खाल्ल्या, आणि शेवटी म्हणाले, ‘मीठ कमी आहे.’ झाला समेट. मग पुढे दर दिवाळीला ती यायची, माझ्या लग्नात तर आठ दिवस आधी आली. विहिरीचा विषय मात्र दोघांनीही पुन्हा काढला नाही. बहीणभावाचं ते तसंच असतं.

परवा नाना माझ्याकडे आले होते. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी अक्कावर लिहिते आहे म्हटल्यावर म्हणाले, वाच. माझ्या मनात धाकधूक. त्यांना बरं वाटावं म्हणून मी ‘आमचे आजोबा शेती करीत’ असं मोघम लिहून ठेवलं होतं. त्या वाक्यावर नानांनी हात वर करून मला थांबवलं. मग म्हणाले, ‘ते खोड. सालदार लिही.’

मी खोडलं. सालदार लिहिलं.

‘आणि नाव लिही त्यांचं. कुणी लिहिलं नाही आजवर.’

सुपडू उखा, सालदार. नानांनी चष्मा लावला, कागद माझ्या हातातून घेतला आणि ती ओळ स्वतः मोठ्याने वाचली.