पाळीजवळचे पढीन

तीन दिवसांत शंभर गळांना लागलं काय, तर दोन कासवं आणि एक चप्पल.

"डाव्या पायाची आहे," डॉक्टरबाई चप्पल उलटीपालटी करत म्हणाल्या. "उजवी सापडली तर कळवा."

एवढं बोलून त्यांनी वही मिटली आणि तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, खाली उतरल्या. मी तिथंच उभा. हातात माझं रजिस्टर. त्या रजिस्टरात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं की या पाळीजवळ पढीन भरपूर आहेत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी मध्य प्रदेशच्या मत्स्य विभागात इन्स्पेक्टर होतो, पोस्टिंग सौंसरला. गाव माझं पांढुर्णा. सुट्टीत घरी गेलो की मोहल्ल्यातले लोक चिडवायचे, "संत्र्याच्या गावात मासोळीचा साहेब! काय काम करता हो दिवसभर?" मी चिडायचो. मला चिडायला फार लागत नाही.

रामाकोन्याच्या अलीकडे एक तलाव होता. तिथं वीस-बावीस ढिवर घरांची मच्छीमार समिती. दर पावसाळ्यात आम्ही त्या तलावात रोहू-कतल्याची बोटुकली सोडायचो. बोटुकली म्हणजे बोटाएवढं माशाचं पिल्लू. वर्षभरात ते चांगलं किलोभर व्हायला पाहिजे. पण वर्ष सरलं की जाळ्यात यायची चिल्लर मासोळी. बोटुकली जायची कुठं?

जायची पढीनच्या पोटात. पढीन हा लांबलचक, बिनखवल्यांचा मासा. तोंड एवढं फाटलेलं की बघूनच वाटावं हा उपाशी आहे. आणि असतोच तो उपाशी. बोटुकली, बेडूक, कधी स्वतःचीच पोरं, काही सोडत नाही.

छिंदवाड्याच्या ऑफिसात आमचे असिस्टंट डायरेक्टर बसत. त्यांचा उपाय सरळ होता. उन्हाळ्यात तलावाचं पाणी सोडून द्यायचं आणि उरलेल्या डबक्यात मोहाच्या बियांची ढेप, म्हणजे पेंड, टाकायची. ढेपेनं माशांचा श्वास कोंडतो. पढीन मरतो, बाकीचंही सगळं मरतं. मग नवीन पाणी, नवीन बोटुकली. लहान तळ्यात हे आम्ही नेहमी करायचो. पण एवढ्या मोठ्या तलावात करायचं म्हणजे पुढं दीड वर्ष समितीची जाळी कोरडी.

समितीचे अध्यक्ष डोमाजी. साठीकडे झुकलेला माणूस, अंगानं काटक, बोलणं कमी. त्यांना मी हे सांगितलं.

"साहेब, तलाव मारला तं आमी काय संत्रं तोडाले जाऊ का?" ते म्हणाले. "माह्या पोराईले जाळं टाकता येते. झाडावर चढता येत नाही."

अशात जबलपूरहून डॉक्टरबाई आल्या. माशांवर संशोधन करायच्या. तिथल्याच मराठी घरातल्या, मराठी एकदम पुस्तकी. त्यांचं म्हणणं असं की पढीन तलावभर विखुरलेला राहत नाही, कुठंतरी जमतो. ती जागा कळली तर मोठे मोठे पढीन गळानं काढून घेता येतील. तलाव मारायची गरज नाही. पण जागा शोधायची तर मच्छीमारच पाहिजेत, कारण रोज पाण्यात तेच असतात.

असिस्टंट डायरेक्टर साहेबांनी कसाबसा वेळ दिला. "होळीपर्यंत," ते म्हणाले. "नंतर ढेपेचा ट्रक येईल."

काम साधं होतं. जिवंत पढीन मिळाला की समितीनं तो ओल्या पोत्यात घालून पाळीवर आणायचा. डॉक्टरबाई त्याच्या पाठीवरच्या पंखाशी तारेनं पिवळी पट्टी बांधणार. पट्टीवर नंबर. याला टॅग म्हणतात. मग मासा परत पाण्यात. पुढं तो कोणाच्या जाळ्यात आला की टॅग काढून माझ्याकडे आणायचा आणि कुठं सापडला ते सांगायचं. मासा ज्याचा त्याला.

पहिला चार किलोचा पढीन पाण्यात सोडला तेव्हा पाळीवर सगळ्यांचे चेहरे सुतकी झाले.

"सोडला?" गिरजाबाईंनी विचारलं. या डोमाजींच्या वहिनी. पाळीवरच्या काट्यावर मासोळी तोलायचं काम त्यांचं. "अवो बाई, हातातला मासा सोडून देल्ला? याच्यासाठी इतकं शिकल्या तुमी?"

डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, समुद्रात शार्क नावाचा मोठा मासा असतो, त्याचा अभ्यास असाच चालतो. मच्छीमार पकडतात, खूण बांधतात, सोडतात. पुन्हा सापडला की सांगतात. आणि या पढीनला तर गोड्या पाण्यातली शार्कच म्हणतात.

"म्हंजे शार्क समुद्रातला पढीन हाय," गिरजाबाईंनी निकाल दिला. त्या दिवसापासून समितीत सगळे पढीनला शार्क म्हणू लागले. एकानं तर दाढदुखीनं सुजलेल्या आपल्या सासऱ्याचंच नाव शार्क ठेवलं.

दिवाळीनंतर टॅग परत यायला लागले. सकाळी दहाच्या सुमारास सगळे पाळीवर जमायचे, मासोळी तोलायची, आणि मी काट्याशेजारी स्टुलावर बसून रजिस्टर उघडायचो. माझा रजिस्टरवर फार जीव. लाल शाईनं ओळी आखायचो. टॅग नंबर, तारीख, आणणाऱ्याचं नाव, सापडल्याचं ठिकाण. एकही रकाना रिकामा सुटला तर मला जेवण जायचं नाही.

"कुठं सापडला?"

"पाळीजवळ जी."

दुसरा यायचा. "पाळीजवळ."

तिसराही पाळीजवळच. सर्वांत जास्त टॅग डोमाजींनी आणले, तेही सगळे पाळीजवळचे. मी खूश. डॉक्टरबाई तर हरखल्याच. जिथं सोडले तिथंच सापडून राहिले, म्हणजे हा मासा जागा सोडत नाही! त्यांनी नकाशावर पाळीला लाल गोल काढला. फेब्रुवारीत आम्ही तिथं गळ लावले, बारके बेडूक अडकवून. तीन दिवस. पुढचं तुम्हाला माहीत आहे. चप्पल.

चौथ्या दिवशी साहेबांची जीप आली. त्यांनी रजिस्टर पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं.

"इन्स्पेक्टर, आपके रजिस्टर में पढीन हैं," ते म्हणाले. "तालाब में नहीं हैं."

होळीला उरलेल्या आठ दिवसांची मुदत देऊन जीप निघून गेली. माझं डोकं फिरलं. सगळी समिती पाळीवर उभी होती. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "मी तुमच्यासाठी भांडून राहिलो अन् तुम्ही मला खोटं सांगता? डोमाजी, शेवटचं विचारतो. पढीन कुठं सापडले?"

डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. आणि शांतपणे म्हणाले, "पाळीजवळ जी."

सगळ्यांनी माना हलवल्या. लोक पांगले. मी स्टुलावर जाऊन बसलो.

गिरजाबाई काट्याची पारडी धुवत होत्या. धुता धुता म्हणाल्या, "साहेब, रागावू नोका, एक विचारू? तुमी हे सवाल सगळ्याइच्या पुढं कायले विचारता?"

"मग कुठं विचारू?"

"अवो, जागा का कोणी चारचौघात सांगते? हरेकाची पाण्यातली जागा आपापली राहते. कोणाले गोटा म्हायीत, कोणाले बुडालेलं झाड. बाप पोराले सांगते, तेही एकटं पाहून. माहा नवरा मेला, पण त्याची जागा मले म्हायीत नाही. चारचौघात विचारलं तं माणूस पाळीजवळच म्हणते. म्या लगन होऊन आली तवापासून आयकून राहिली. तलावातले सगळेच मासे पाळीजवळ सापडतात बाप्पा!"

चार महिने मी स्टुलावर बसून, सगळ्या गावाला साक्षीला ठेवून, लोकांना त्यांचं सगळ्यांत झाकलेलं गुपित विचारत होतो. आणि उत्तर सुंदर अक्षरात लिहून ठेवत होतो. लाज वाटली. जिथं मी खोटं म्हणून ओरडलो, तिथं ते बिचारे फक्त रीत पाळत होते.

"बरं, एकटं विचारलं तर सांगतील?"

"तोंडानं नाही सांगणार," गिरजाबाई म्हणाल्या. "पण दाखवतीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरजाबाईंच्या घरी, मागच्या खोलीत, त्यांनी शेणानं सारवलेल्या जमिनीवर राखेनं तलाव काढला. पाळ, खडक, बोरनाला तलावात येतो ते त्याचं तोंड, सगळं. नकाशात मी जे चुकलो होतो तेही त्यात बरोबर होतं. शेजारी टोपलीत चिंचोके. एकेकानं आत यायचं, टॅग जिथं सापडले तिथं तेवढे चिंचोके ठेवायचे आणि मागच्या दारानं निघून जायचं. मी पेन्सिलीनं टिपून घेणार आणि चिंचोके उचलून टाकणार, म्हणजे पुढच्याला काही दिसायचं नाही. सुरुवातीलाच मी सगळ्यांची माफी मागितली. साहेबानं माफी मागितली हे त्यांना फार अवघड गेलं. मलाही गेलं.

एकेक जण आला. एकानं चिंचोका ठेवला, पुन्हा उचलला, दोन बोटं सरकवून ठेवला. संध्याकाळपर्यंत चिंचोके तलावभर विखुरले गेले, इकडं दोन, तिकडं तीन. माझा धीर खचला. कारण विखुरलेले पढीन गळानं कसे काढणार? मग ढेपच.

शेवटी डोमाजी आले. बसले.

"साहेब, इथं तलाव नव्हता तेव्हा हा नाला होता," ते म्हणाले. बोट बोरनाल्याच्या तोंडावर. "इथं माह्या बापानं मले पोहाले शिकवलं. खाली मोठा डोह हाय. वरून दिसत नाही."

"डोमाजी, दाखवलंत तर जागा गेली समजा. सगळे तिथं गळ लावतील."

"समजते ना जी." त्यांनी टोपलीत हात घातला. "तलाव रायला तं जागा भेटन दुसरी. तलावच नाही रायला तं जागा घेऊन का चाटू?"

आणि त्यांनी मूठ उघडली. डोहावर चिंचोक्यांचा ढीग पडला. मी मोजायचंही विसरलो.

उठताना म्हणाले, "फक्त माह्यं नाव नोका लिहू."

मी नाव लिहिलं नाही. नवीन पानावर ठिकाण लिहिलं, चिंचोके मोजून आकडा लिहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा नावाचा रकाना कोरा सोडला. रात्री जेवण मात्र व्यवस्थित गेलं.

तीन दिवसांनी सगळी समिती, डॉक्टरबाई आणि मी बोरनाल्याच्या तोंडाशी. गळ लावले. सकाळी दोरी ओढायला लागलो तर ओढवेना. एक पढीन, दुसरा, तिसरा, आणि त्यातला एक तर गिरजाबाईंच्या कमरेएवढा. त्याच्या पोटात रोहूची पिल्लं निघाली, आम्हीच सोडलेली. डॉक्टरबाई चिखलात गुडघ्यापर्यंत उभ्या राहून ओरडत होत्या, त्यांचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठं पळालं होतं.

मी डोमाजींकडे पाहिलं. तो माणूस तोंडावर हात ठेवून उभा.

"अरे बाप्पा!" डोमाजी म्हणाले. "इथं पढीन राहते का? आमाले तं म्हायीतच नव्हतं!"

"नाही ना!" दुसरा म्हणाला.

"आमी तं कधी इकडं आलोच नाही," तिसरा म्हणाला.

वीस-बावीस घरांतले एकूणएक पुरुष आश्चर्य करून राहिले. जागा कोणाची हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला कळलं होतं. कोणी डोमाजींकडे पाहिलंसुद्धा नाही. मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम.

साहेबांनी येऊन पढीनचा ढीग पाहिला. ढेपेचा ट्रक रद्द झाला. मग समितीनं स्वतःच ठरवलं की दर उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आधी, डोहातले मोठे पढीन सगळ्यांनी मिळून काढायचे आणि वाटून घ्यायचे. एरवी तिथं कोणाचं जाळं नाही, डोमाजींचंही नाही. पुढच्या वर्षी रोहू-कतला जाळ्यात आला तेव्हा गिरजाबाईंनी माझ्यासाठी सर्वांत मोठा बाजूला ठेवला. म्हणाल्या, "घ्या, पाळीजवळ सापडला."

पुढं ऑडिट आलं. एका ओळीचा रकाना कोरा का, असा आक्षेप निघाला. मी लिहून दिलं की माहिती देणाऱ्याचं नाव लक्षात नाही. आक्षेप तीन वर्षं चालला. मी तीन वर्षं तेच उत्तर दिलं.

रिटायर झाल्यावर एकदा रामाकोन्याच्या बसनं गेलो. डोमाजी थकले होते, पण पाळीवर बसले होते. भोवती दहा-बारा माणसं. मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काय डोमाजी, नवीन जागा मिळाली का नाही?"

"भेटली ना जी."

"कुठं?"

"पाळीजवळ," ते म्हणाले, आणि मी निघालो तेव्हा हळूच माझ्या हातात एक चिंचोका दिला.

नोकरीत मी बरेच फॉर्म तयार केले. त्यात नंतर एक ओळ मी नेहमी टाकायचो: ही माहिती एकेकट्याला विचारावी. वरच्या ऑफिसला ती ओळ कधी समजली नाही. दर वेळी खोडून यायची आणि मी पुन्हा लिहायचो.