आबांची आणि माझी पाठ

लहानपणी माझे पाय बाहेरच्या बाजूला वाकायला लागले तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी मुडदूस सांगितला आणि व्हिटॅमिनचे डोस दिले. पाय तसेच राहिले. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचेही तसेच होते, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. खरं कारण मला चाळिशीनंतर कळलं. आमच्या अंगातलं फॉस्फेट लघवीवाटे वाहून जातं, म्हणून हाडं मऊ राहतात. बापाला हा आजार असला की मुलीला येतोच.

तोवर पाठ धरली होती. जळगावात, पिंप्राळ्याहून शाळेत शिकवायला जाताना मागून हॉर्न वाजला तरी मान वळेना. स्कूटर विकली, रिक्षा लावली.

एका सकाळी बाथरूममध्ये स्टुलावरून उठायला गेले, तर पाय दिसत होते पण ऐकत नव्हते. कडी आतून लावलेली, हात पोचेना. बाहेर कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या. हाका मारत मग्गा दारावर आपटत राहिले. शेवटी नवऱ्याने दार तोडलं.

"हाक नाही का मारायची?"

"हाकाच मारत होते."

एमआरआयच्या नळीत पडल्यावर वाटलं, यात नवीन काय? अशीच तर जगतेय.

डॉक्टर म्हणाले, "याच आजाराने कण्याला धरून ठेवणारे पट्टे हाडासारखे कडक झालेत. मज्जारज्जू दाबला जातोय. मागून हाड काढून जागा करावी लागेल."

ऑपरेशन झालं. पाय आले, अर्धेमुर्धे, काठी लागते. पाठ ताठच आहे, आणि तशीच राहणार.

चालायला लागल्यावर धुळ्याला गेले. आबा ओट्यावर बसले होते. मी शेजारी खुर्ची घेतली आणि म्हटलं, "तुम्हीपण पाठ तपासून घ्या."

"आते काय करनं शे माले? आंगण दिखस, बठ्ठं दिखस." समोरचं सगळं दिसतं, तेवढं त्यांना पुरे. तसंच समोर बघत म्हणाले, "तुले हाई मीच दिधं ना?"

त्यांना माझ्याकडे वळता येत नव्हतं, मला त्यांच्याकडे. मी उठले, खुर्ची ओढत त्यांच्यासमोर नेली आणि बसले.

"हो आबा. पण तुम्हाला कुठे माहीत होतं?"

तपासणीला आबा अजून तयार नाहीत. फोनवर मी आधी विचारते, पायातली चप्पल नकळत निसटते का? ऑपरेशनच्या आधी माझी तशीच निसटायची.

"नही," म्हणतात.

मला ते खरं वाटत नाही.